तीन नखांची भांडी

२ सप्टेंबर

चाळणबाईस,

आजी नावाची एक वस्तू तुझ्याकडे होती. कुठे ठेवलीस ते आठवतंय का? नसेल आठवत तर खुणा सांगते. उंची कमी, दात अकरा, तोंड दिवसभर चालू. लहानपणी कोणी तुला कधी चिमटा काढला ते तू वारासकट सांगायचीस. आता पार्सल मिळालं एवढं कळवायचंही विसरलीस. अभ्यास फार झाला की असं होतं म्हणे. माझा झालाच नाही, म्हणून मला सगळं आठवतं.

हे पत्र शेजारची शिंपीणबाई लिहिते आहे. मला अक्षर येत नाही हे इतकी वर्षं तिच्यापासून लपवलं होतं. तिच्यासमोर रोज पेपर धरून बसायचे. आज कबूल केलं तर म्हणते, "आजी, तुम्ही जाहिरातींच्या पानावर हळहळायचात, तेव्हाच कळलं होतं मला."

तुझा फोन लागत नाही. नंबर बदललास तो बदललास, बापालाही दिला नाहीस. तुला मुलगी झाली हे मला टेम्पोवाल्याकडून कळलं. तो तुमच्या बाजूला फरश्या पोचवायला आला होता. "आजी, पणजी झालात, पाच एप्रिलला," एवढं बोलला आणि गेला. इंजिनसुद्धा बंद केलं नाही मेल्याने. पत्ता तेवढा आणला, म्हणून त्याला माफ केलं.

त्या पत्त्यावर ऑगस्टात पाण्याचं भांडं पाठवलं. तू ह्याच शेडमध्ये वाढलीस, तुला सांगायला नको. पण तुझ्या नवऱ्याने आपलं काम पाहिलेलं नाही, तर त्याला हे वाचून दाखव. जावईबापू, माती कुटून चाळायची. तिच्यात लाकडाचा भुसा चाळून मिसळायचा. मळून साच्यात दाबायचं, आठ-दहा दिवस सावलीत वाळवायचं आणि भट्टीत लावायचं. भट्टीत मातीचा दगड होतो आणि भुसा जळून जातो. भुशाचा कण जिथे होता तिथे तेवढीच रिकामी जागा राहते, डोळ्याला न दिसणारी. पाणी त्या जागांतून वाट काढत खालच्या पिंपात ठिबकतं. गाळ आणि डॉक्टर लोकांना दुर्बिणीतून दिसतात ते किडे वर अडकतात. म्हणजे आम्ही लोकांना भोकं विकतो. लोक पैसे देऊन नेतात आणि वर आभार मानतात. असा धंदा तुमच्या ऑफिसात आहे का?

यंदाची भांडी तर काय विचारू नकोस. आधी एक तांब्या पाण्यासाठी अर्धी सकाळ जायची. आता चहाला आधण येईपर्यंत तांब्या भरतो. लोक म्हणतात, आजीचा हात अजून चालतो. तुझ्या बापानेही मान डोलावली, आणि त्याची मान किती महाग आहे ते तुला माहीत आहे.

पाच ऑक्टोबरला बाळाला सहा महिने होतील. मग वरचं पाणी सुरू करशील. पहिला घोट माझ्या भांड्यातला दे. आपलं भांडण आपल्यापाशी, तिने काय केलंय?

तू माझी भांडी फोडलीस त्याला दोन वर्षं झाली. मी ते विसरले आहे. चाळीस होती, एवढंच फक्त लक्षात आहे.

खाली डाग आहे तो माझा अंगठा. शाई नव्हती, मातीत बुडवला.

आजी

२० सप्टेंबर

चाळणबाई,

उत्तर नाही. बरं. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस, तेव्हाही महिनाभर बोलली नव्हतीस. मी रोज तुझ्यासमोर बसून एकटीच बडबडायचे. ती सवय अजून आहे.

नाक्यावरचा सायकलवाला आठवतो ना, तुझ्या चाकात हवा भरताना गाणी म्हणायचा तो? त्याची धाकटी मुलगी आजारी आहे, सहा वर्षांची. उलट्या, जुलाब, डोळे खोल गेलेत. परवा दवाखान्यात ठेवली. बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. मुलं काय, हाताला लागेल ते तोंडात घालतात. तू नाही का मातीचे गोळे खायचीस, आणि वर चव सांगायचीस.

एक काम कर. भांड्याच्या काठावर आतल्या अंगाने माझ्या नखांच्या खुणा आहेत. मला आकडे लिहिता येत नाहीत, म्हणून तू गेल्यापासून ओल्या काठावर मी नख दाबून ठेवते. वर्षातल्या पहिल्या घाण्याला एक नख, दुसऱ्याला दोन, असं. एका घाण्यात छत्तीस भांडी निघतात. तुझ्या भांड्यावर किती नखं आहेत ते बोट फिरवून बघ आणि कळव. सहज विचारते आहे.

शिंपीणबाई लिहायची थांबली आहे आणि माझ्याकडे बघते आहे. "सहज" लिहायला तिला जड जातंय. मी म्हटलं, "बाई, तू लिही. शिवताना मापात तू काय काय लपवतेस ते मी बोलते का?" तर म्हणते, "कापड आखूड पडलं तर मी गिऱ्हाइकाला सांगते हो, आजी."

आणि पाणी उकळून पीत जा. भांड्यातलं असलं तरी. तुमच्याकडे गॅस आहे, तुला काय लाकडं फोडायची आहेत?

तीन नखं असतील तर लवकर कळव. दोन असतील तरी कळव. एक असलं तरी.

आजी

२७ सप्टेंबर
(रजिस्टरने)

त्या भांड्यातलं पाणी बाळाला पाजू नकोस.

हे वाक्य सगळ्यात वर लिही म्हणून शिंपीणबाईला सांगितलं, म्हणजे पुढचं न वाचता तू पत्र फेकलंस तरी चालेल. तूही पिऊ नकोस. भांडं फोडून टाक. फोडायची तुला सवय आहे. त्या पाण्याने धुतलेली वाटी, चमचा, सगळं उकळ.

आता वाचत असशील तर ऐक.

सायकलवाल्याच्या घरी गेले होते. मुलगी दवाखान्यातच आहे. त्याची बायको भांडं घासून उन्हात ठेवत होती. मी काठावर बोट फिरवलं. तीन नखं. आमच्या गल्लीत अजून दोन घरी पोटं बिघडली आहेत, तिथेही तीन. तुला भांडं पाठवलं तेव्हा मी चांगलं वाजणारं निवडून काढलं होतं, पण ते कुठल्या घाण्यातलं ते मला आठवत नाही. चाळीस भांडी आठवतात आणि हे आठवत नाही. तीन नखांचा ढीग दाराशी होता, त्यातलंच असणार.

तू गेल्यापासून शेडमध्ये पाणी मोजणं बंद आहे. तू असताना प्रत्येक भांडं भरून, घड्याळ लावून बसायचीस. तासाला दोन तांब्यांपेक्षा जास्त झिरपलं की भांडं बाद. मी गिऱ्हाइकांसमोर तुझी टिंगल करायचे, "आमची नात पाण्याची हजेरी घेते." मग त्या दिवशी चाळीस भांडी अडीच-अडीच तांबे निघाली आणि तू गिऱ्हाईक दारात उभं असताना एकेक करून फोडलीस. मी तुझ्यावर हात उचलला. इतकी मोठी तू, लग्नाची. आणि म्हटलं, माझ्या दारात परत पाऊल टाकू नकोस. तू टाकलं नाहीस. एरवी माझं कधी ऐकलं नाहीस, तेवढं नेमकं ऐकलंस.

काल मी तीन नखांचं एक भांडं भरलं. शेडमध्ये शेवटचं तेच उरलं होतं, काठाला टवका उडालेलं. मला घड्याळ कळत नाही, म्हणून शिंपीणबाई घड्याळापाशी बसली आणि मी तांबे मोजले. दोन झाले. तीन झाले. मी तिला म्हटलं, "तुझं घड्याळ बंद पडलंय का बघ." ती म्हणाली, "आजी, अजून अर्धा तासही नाही झाला." तासाला पाच तांबे, चाळणबाई. ते भांडं नव्हे, ती टोपली आहे.

का, तेही सांगते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. शिंपीणबाईला आत्ता लिहिता लिहिता कळतंय. जूनमध्ये, तिसऱ्या घाण्याच्या आधी, भुशाच्या चाळणीची तारेची जाळी फाटली. नवी जाळी आणायची तर तुझ्या बापाला सांगायला हवं होतं, आणि तो म्हणाला असता, "आई, तुला दिसत नाही, तू चाळायचं सोड आता." ते मला ऐकायचं नव्हतं. मी माझ्या जुन्या मच्छरदाणीचा तुकडा कापला आणि चाळणीला बांधला. चाळलेला भुसा चिमटीत घेऊन बघितला, मला बारीक वाटला. पण माझ्या बोटांचं आता चामडं झालंय. त्यांना वाळू आणि पीठ सारखंच लागतं. डास जाणार नाही एवढी ती भोकं. भुशाला तो राजरस्ता. जाड कण आत गेले, भट्टीत जळले, आणि त्यांच्या जागी तेवढीच मोठी भोकं राहिली. पाणी धावत येतं आणि सगळ्यांना सोबत घेऊन येतं.

भट्टीतून काढल्यावर टिचकी मारली तर भांडी खणखणीत वाजली नाहीत, जरा बसका आवाज आला. मी म्हटलं, कान गेले असतील. तुझ्यापुरतं त्यातल्या त्यात बरं वाजणारं निवडलं.

हे सगळं मला गेल्या पत्राच्या वेळीच कळलं होतं. नीट नाही, पण पोटात कळलं होतं. तरी "सहज" लिहवलं. सात दिवस घालवले. लाज वाटली गं. तुझ्यासमोर खाली मान घालायला मी सात दिवस घेतले, आणि पाच तारखेला आता आठच दिवस आहेत. चार दिवस पत्र पोचायलाच लागतात.

तुझ्या बापाला सांगितलं. जाळीचं नाही, पाण्याचं. तो म्हणाला, "आई, ह्या दिवसांत पाणी गढूळ असतंच. दर वर्षी पोरं आजारी पडतात. भांडी परत मागत फिरलीस तर उद्या शेडला कुलूप लागेल." तो वाईट नाही. घाबरलाय. तू त्याच्यावर रागवू नकोस, तुझा राग मला एकटीलाच पुरेल.

टेम्पोवाल्याला म्हटलं, मला तिच्याकडे ने. त्याच्या टेम्पोचा गिअरबॉक्स उघडून पडला आहे, पंधरा दिवस लागतील. एकटी बसने आले असते, पण पाटी वाचता येत नाही, तीन ठिकाणी गाडी बदलायची आहे, आणि मी भलत्याच गावी उतरून तिथल्या लोकांना हे सांगत बसेन.

फक्त एवढं लिहून पाठव: मिळालं. बाकी काही लिहू नकोस. शिव्यासुद्धा नकोत, त्या मी माझ्या मनाने भरून घेईन.

आजी

६ ऑक्टोबर

चाळणबाई,

पाच तारीख काल गेली.

रजिस्टरची पोचपावती आज आली. सही आहे. मी शिंपीणबाईला विचारलं, कोणाची? ती तुझी जुनी वही घेऊन बसली, भुशाच्या मापांची, आणि म्हणाली, "तिचीच वाटते, पण 'वाटते' हं आजी." मी पावती खिडकीशी नेऊन बघितली. मला काय दिसणार! एक शेपटी आहे आणि दोन टिंबं. त्या शेपटीकडे बघत मी सकाळ काढली. तुझ्या हातात पत्र पडलं असेल आणि तू ते न उघडता ठेवून दिलं असशील तर? तुझा स्वभाव कोणावर गेलाय ते मला ठाऊक आहे, म्हणून तर भीती वाटते.

त्या बाळाचं नावसुद्धा मला माहीत नाही. मनात तिला काय म्हणून हाक मारायची?

तीन तारखेला मी भांडी गोळा करायला निघाले. धोब्याची हातगाडी मागितली. मला ती ढकलत नव्हती, चढावर मागे यायला लागली. कोणीतरी मागून धरली. वळून पाहिलं तर तुझा बाप. मी म्हटलं, "शेडला कुलूप लागेल." म्हणाला, "पुढे बघ, खड्डा आहे." मग चढ संपायच्या आत मी त्याला मच्छरदाणीचं सांगितलं. तो थांबला. गाडीचे दांडे धरून नुसता उभा राहिला. म्हणाला, "जाळी मागितली असतीस तर काय मी चाळणी काढून घेणार होतो का तुझ्याकडून?" मी म्हटलं, "हो." त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "हो."

प्रत्येक दारात मी एकच वाक्य बोलले: भांडं चुकलंय, चूक माझी आहे, ह्यातलं पाणी पिऊ नका. तुला वाटतं लोक ओरडतात? ओरडले असते तर बरं झालं असतं. एक बाई म्हणाली, "असू दे हो आजी, छान येतं पाणी, भराभर." तिच्या हातातून मला भांडं ओढून घ्यावं लागलं. म्हातारी वेडी झाली असंच तिला वाटलं असणार.

सायकलवाला घरी एकटाच होता. त्याने भांडं स्वतः उचलून गाडीत ठेवलं. म्हणाला, "आजी, मुलगी घरी येईपर्यंत मला तुमच्याशी बोलता यायचं नाही." मी म्हटलं, "नको बोलूस." तर म्हणाला, "तुमचं भांडं म्हणून आम्ही उकळत नव्हतो." मग दार लावून घेतलं.

छत्तीसातलं एक तुझ्याकडे. पस्तीस उरली, त्यातली तीस सापडली. शेडच्या मागे तुझ्या बापाने ती हातोड्याने फोडली. मी म्हटलं, "मला दे," तर म्हणाला, "तुझ्या हाताने नको." पाच आठवडी बाजारात अनोळखी माणसांना गेली आहेत. कोण ती माणसं, कुठली, कोणाला ठाऊक. मला रोज पाच चुली दिसतात, पाच ठिकाणी कोणीतरी तांब्या भरतंय. आणि सहावं तुझं घर.

लिही गं. कोरा कागद पाठवलास तरी चालेल. तसाही मला सारखाच दिसतो.

आजी

१४ ऑक्टोबर

चाळणबाई,

तुझी चिठ्ठी आली. शिंपीणबाईने ती मला चार वेळा वाचून दाखवली. चौथ्यांदा म्हणाली, "आजी, आता मलाही पाठ झाली." तरी पाचव्यांदा वाचायला लावली.

"भांडं आलं त्याच दिवशी मोजलं होतं. तासाला पाच तांबे. वापरलं नाही. बाळ बरं आहे."

आधी मी रडले, ते लिहायची गरज नाही. शिंपीणबाईही रडली, आणि तिच्या डोळ्यातलं पाणी इथे पडून दोन अक्षरं पसरली आहेत. तुझ्या बापाला हाक मारली, त्याने चिठ्ठी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि परत काढून वाचली. मग भट्टीशी जाऊन उगाच विटा मोजत बसला.

मग मला मोजता आलं, म्हणजे दिवस. भांडं तुला ऑगस्टात मिळालं. त्याच दिवशी तू घड्याळ लावलंस. सायकलवाल्याची मुलगी सप्टेंबरच्या मध्यावर पडली. मधले तीन आठवडे तुला माहीत होतं. एक भांडं पाच तांबे झिरपतं तर घाण्यातली बाकीची पस्तीस काय करत असतील, हे तुझ्याइतकं कोणाला कळतं? तू एक ओळ लिहिली असतीस, फोन केला असतास, मला नाही तर बापाला. तू भांडं कोपऱ्यात सारलंस आणि म्हणालीस, म्हातारीला कळू दे एकदा. म्हणालीस ना?

मी तुला दोष देत नाही असं लिहिणार होते. शिंपीणबाईने तसं लिहिलंही होतं. मी ते खोडायला लावलं. देते. मला दिसत नाही, वाचता येत नाही, बोटं मेली आहेत, आणि मी मच्छरदाणी बांधली. तुला सगळं दिसत होतं, आणि तू तोंड बांधलंस. आपण दोघी एकाच घाण्यातल्या. आता रागवायचं तर दोघींनी दोघींवर रागवू या, पण एका जागी बसून. पत्रातून मला राग नीट येत नाही. मध्येच शिंपीणबाई "सावकाश सांगा" म्हणते.

सायकलवाल्याची मुलगी परवा घरी आली. तिला मांडीवर घेतलं तर वजनच लागत नाही. डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडावर ताण पडलाय, महिनाभर जपा, मग सांगू. "मग सांगू" हे मी किती वेळा ऐकून आले असेन. सायकलवाला अजून माझ्याशी बोलत नाही. मुलगी बोलते. म्हणाली, "आजी, तू भांड्यात काय घातलं होतंस?" मी म्हटलं, "काही घातलं नव्हतं बाळा, काढायचं राहिलं होतं." तिला ते पटलं नाही. मलाही नाही.

ती पाच भांडी अजून सापडलेली नाहीत. दर आठवड्याला मी बाजारात बसते, फुटक्या काठाचा एक तुकडा दोरीला टांगून. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणते, बोट लावून बघा, अशा तीन खुणा तुमच्या भांड्यावर आहेत का? लोक बोट लावतात. एकाने विचारलं, "हे नवस वगैरे काही आहे का, आजी?" दोन बाजार झाले. कोणी आलेलं नाही.

तुझ्या बापाने नवी जाळी आणली आहे. चाळणी मी हातात घेतलेली नाही, त्यालाही घेऊ दिलेली नाही. तू येशील, भुसा तू चाळशील, घड्याळ तू लावशील, आणि तू बाद म्हटलंस की मी स्वतःच्या हाताने फोडेन. तोवर भट्टी थंड आहे. आजूबाजूची घरं पाणी उकळून पितात. ज्यांच्याकडे सरपण नाही ती तसंच पितात. फार दिवस थांबता येणार नाही.

तेव्हा ये. पण बाळाला आणू नकोस. मला तिला बघायचं आहे, तिचा वास घ्यायचा आहे, माझ्याकडे किती दिवस उरलेत तेही मला मोजता येतं. तरी आणू नकोस. इथल्या पाण्यावर माझा भरवसा नाही, आणि माझ्यावर तुझा नसेल. तिला तिच्या बापापाशी ठेव, तू दोन दिवसांसाठी ये. पहिलं भांडं तासाला दोन तांब्यांच्या आत आलं की मग तिला आण.

येणं लगेच जमत नसेल तर सायकलवाल्याच्या मुलीसाठी संत्री पाठव. जाड सालीची, देठासकट, कुठे चीर नसलेली. धुवू नकोस. जशी झाडावरून उतरली तशीच पेटीत भर, म्हणजे इथे कोणी त्यांना पाणी लावायच्या आत मी माझ्या हाताने सोलून तिला देईन.

आजी